स्ट्रॅथस्पेमधलं एक कॅफे, हिवाळ्यात आतून पाहिलेलं

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, स्पे नदीच्या खोऱ्यात, ग्रँटाऊन-ऑन-स्पे आणि कॅरब्रिजच्या पट्ट्यातल्या एका छोट्या गावात हे कॅफे आहे. ग्रॅनाइटची जुनी शाळा, उंच खिडक्या, मागे किचन आणि वर एक खोली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत मी तिथे कामाला होते आणि वरच्याच खोलीत राहत होते. म्हणजे हा अभिप्राय काउंटरच्या आतल्या बाजूचा आहे, म्हणून तारे देत नाही. नावही लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनी तशी विनंती केली. उन्हाळ्यात त्यांच्याकडे बसायला जागा नसते आणि हिवाळ्याला त्यांना एकच माणूस लागतं. पण त्या खोऱ्यात हिवाळाभर दार उघडं ठेवणारी ठिकाणं मोजकीच आहेत. तिकडे फिरायला जाणाऱ्यांना आणि त्याहून जास्त तिथे काम करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची नाशिकची. पुण्यात काही वर्षं कॅफेत काम केलं, कॉफी तिथेच शिकले. शनिवारी संध्याकाळी तिथे कप धुवून ठेवायलाही उसंत नसायची. त्या अनुभवावरून मला वाटायचं की चांगलं कॅफे म्हणजे गर्दीतही ज्याचा हात चुकत नाही ते. या हिवाळ्यानंतर माझं मत बदललंय. जुलैत त्या खोऱ्यातलं कुठलंही कॅफे भरलेलंच असतं. केर्नगॉर्म्सच्या डोंगरांत चढायला आलेले, व्हिस्कीच्या डिस्टिलऱ्या बघायला आलेले, वाफेच्या गाडीत बसायला आलेले, सगळे तिथे चहाला थांबतात. नोव्हेंबर उजाडला की ही माणसं जातात आणि बरीच दुकानं ईस्टरपर्यंत (मार्च-एप्रिल) कुलूप लावतात. ते साहजिकच आहे, कारण धंदा होत नाही. हे कॅफे मात्र उघडं राहतं. ते कशासाठी आणि कसं उघडं राहतं, यावरच मी त्याला चांगलं म्हणते.

हिवाळ्यातली वेळ सकाळी दहा ते दुपारी साडेतीन, मंगळवार-बुधवार बंद. साडेतीन ऐकून आपल्याला विचित्र वाटतं, पण डिसेंबरच्या शेवटी तिथे सूर्य पावणेनऊच्या पुढे उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. मधल्या वेळातही तो डोक्यावर येतच नाही, डोंगराच्या कडेकडेने सरकत जातो. आमचं काम अर्थात अंधारात सुरू व्हायचं. आठ वाजता खाली उतरायचं, शेगडीतली रात्रीची राख काढायची आणि लाकडं रचायची. ही शेगडी लोखंडी, काचेच्या दाराची, आणि दुकानाची निम्मी ऊब तिच्यावरच. बर्च आणि लार्चची लाकडं शेडमध्ये दोन वर्षं वाळत ठेवलेली असतात. मालकीणबाई ओलावा मोजायचं छोटं यंत्र लाकडात खुपसून बघतात, वीस टक्क्यांच्या वर आकडा आला की ते लाकूड परत शेडमध्ये. ओलं लाकूड धूर करतं, काच काळी होते आणि ऊब मिळत नाही. एवढी काळजी मी पुण्यात फक्त कॉफीच्या बियांची घेतलेली पाहिली होती.

कॉफी चांगली आहे. अप्रतिम म्हणणार नाही. मशीन दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी उतरायच्या दोन जागांचं, तापायला अर्धा तास. बिया हायलँडमधल्याच एका लहान रोस्टरकडून येतात, मध्यम ते गडद भाजलेल्या. हे भाजणं तिथे योग्यच आहे आणि त्याचं कारण पाण्यात आहे. ग्रॅनाइट आणि पीटवरून (दलदलीतली कुजक्या झाडपाल्याची माती) आलेलं पाणी अगदी हलकं असतं, त्यात क्षार जवळजवळ नाहीत. पुण्यात टँकरचं पाणी यायला लागलं की मशीनमध्ये पांढरा थर धरायचा, तो त्रास इथे नाही. पण अशा पाण्यात कॉफीचा आंबटपणा उघडा पडतो, त्याला आवर घालायला पाण्यात काही नसतं. हलक्या भाजणीच्या बिया आम्ही एकदा वापरून पाहिल्या तर एस्प्रेसो लिंबासारखा लागला. दुसरी गोष्ट थंडीची. रात्रभर गारठलेल्या दुकानात सकाळी ग्राइंडर एका जागी लावला की शेगडी तापून खोली उबदार होईपर्यंत शॉटचा, म्हणजे एस्प्रेसो उतरण्याचा, वेग बदललेला असायचा. अकराच्या सुमारास पुन्हा लावावा लागायचा. मालकीणबाईंना हे माहीत होतं. त्या कॉफीवाल्या नाहीत, तरी रोज स्वतः चव घेऊन सांगायच्या. दुधाबद्दल तक्रारीला जागाच नाही. फ्लॅट व्हाइट (एस्प्रेसोवर गरम दूध) मागवा.

चहा मात्र कॉफीपेक्षा सरस. त्या हलक्या पाण्यात चहा लवकर आणि दाट उतरतो. किटलीत देतात, सोबत गरम पाण्याचा वेगळा जग आणि दूध. उकळलेल्या चहाची सवय असलेल्यांनी पाच मिनिटं किटलीला हात लावू नये, आपल्याला हवी तेवढी चव येते.

आता सूप. या कॅफेत एकच गोष्ट खायची असेल तर सूप खा. हिवाळ्यात रोज एकच सूप असतं, फळ्यावर खडूने लिहिलेलं, जाड कापलेल्या ब्रेडबरोबर. सोमवारी आणि गुरुवारी मसुराच्या डाळीचं. स्कॉटलंडमध्ये ते घरोघरी होतं. रूढ पद्धतीत डुकराच्या पायाचा रस्सा घालतात, इथे भाज्यांच्या पाण्यात करतात, त्यामुळे शाकाहारी माणसाने बिनधास्त मागवावं, पण बाकी कुठे विचारल्याशिवाय घेऊ नये. कांदा लोण्यात मंद परतायचा, गाजर किसून घालायचं, तमालपत्र, मसूर, पाणी, आणि तासभर विसरून जायचं. शेवटी भरपूर मिरी. मसाला काही नाही. पहिल्या आठवड्यात मला ते सपक लागलं. मग थंडी वाढली, आणि गाजराचा गोडवा आणि मिरीचा जाळ यांत सगळं आहे हे कळलं. शुक्रवारी कलन स्किंक, म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध. कलन हे मोरेच्या किनाऱ्यावरचं गाव, त्याच्यावरून हे नाव. आमच्याकडे मासाही त्याच किनाऱ्यावरून गाडीने यायचा. दूध आणि मासा एकत्र हे आपल्याकडे पटणार नाही, माझ्या आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू खाऊ नकोस हं." मी खाल्लं, पुन्हा पुन्हा खाल्लं. मासा आधीच खारवलेला असतो, म्हणून मीठ शेवटी बघून घालायचं असतं. हे नीट जमलं की या पदार्थाला तोड नाही.

जानेवारीत मालकीणबाई म्हणाल्या, रविवारचं सूप तू कर. मी आमटीच्या अंगाने जायचं ठरवलं. तिथल्या किचनमध्ये नवीन पदार्थ फळ्यावर चढण्याआधी ऍलर्जीच्या वहीत चढतो. ब्रिटनमध्ये १४ घटक ग्राहकाला सांगावेच लागतात: दूध, अंडी, मासे, गहू वगैरे ग्लुटेनवाली धान्यं, शेंगदाणे, तीळ, सोया, सेलरी असे. त्यात मोहरी आहे. म्हणजे फोडणी दिली की वहीत नोंद आलीच. हिंगाची डबी वाचली तर त्यात गव्हाचं पीठ, म्हणजे ग्लुटेन. दाण्याचं कूट आणि तीळ तर उघडच यादीत. आपल्या रोजच्या आमटीत यांतलं काय काय असतं याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता. त्या रविवारी सेलिऍक असलेली, म्हणजे ग्लुटेन अजिबात न चालणारी, एक नेहमीची बाई येणार होती, म्हणून मी हिंग गाळला, सोबत मोहरीही गाळली आणि तेलात जिरं, लसूण आणि सुकी लाल मिरची एवढीच फोडणी दिली. मालकीणबाईंनी प्रत्येक घटकाचं पाकीट हातात घेऊन वाचलं. मला त्यांचा हा काटेकोरपणा फार आवडला. ती बाई दोन वाट्या सूप निर्धास्तपणे प्यायली आणि त्यानंतर दर रविवारी फळ्यावर माझं सूप राहिलं.

स्कोन, म्हणजे भट्टीत भाजलेले छोटे फुगीर पाव, रोज सकाळी ताजे. गार लोणी पिठात बोटांनी चोळायचं, ताकात भिजवायचं, कमीत कमी मळायचं. साचा सरळ खाली दाबायचा, फिरवायचा नाही, नाहीतर कडा बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. चीज स्कोन गोडापेक्षा चांगला. अकरापर्यंत पॉरिज मिळतं, ओट, पाणी आणि मीठ, ढवळायला लाकडी दांडा. शेजारच्या कॅरब्रिजमध्ये १९९४ पासून पॉरिज बनवण्याची जागतिक स्पर्धा भरते आणि जिंकणाऱ्याला सोनेरी दांडा देतात, त्यामुळे या भागात पॉरिजला साखर मागितली तर देतात, पण भुवई जरा वर जाते. केक ठीक. चॉकलेट केक तर मला कोरडाच वाटला आणि तसं मी सांगितलंही होतं.

हिवाळ्यातली गिऱ्हाइकं वेगळी. दहाला दार उघडलं की पहिला बहुधा रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, पहाटेपासून ए९५ या हमरस्त्यावर फिरून आलेला. त्याच्याकडून पहिली बातमी मिळायची: लेख्टचा रस्ता उघडा की बंद. कॉकब्रिजहून टॉमिन्टूलला जाणारा हा ए९३९ दर हिवाळ्यात बर्फाने बंद होतो, त्याला फाटकंच बसवलेली आहेत. मग इस्टेटींवरचे, म्हणजे मोठ्या खाजगी जमिनींवरचे, शिकारी-रखवालदार. हरिणींच्या शिकारीचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी, म्हणजे अख्खा हिवाळा. पहाटे डोंगरावर जाऊन ओल्या कपड्यांनी येतात, शेगडीजवळ बसतात, फार बोलत नाहीत. गुरुवारी विणकाम करणाऱ्या बायका. कुत्री फिरवायला निघालेले लोक, कुत्र्यांसह, कुत्र्यांसाठी दारात पाण्याचं भांडं. डिस्टिलरीतले पाळीवाले. फिरत्या वाचनालयाची गाडी यायची त्या दिवशी दुपारी एकदम सगळे म्हातारे.

या सगळ्यांत एक आजोबा होते, आयुष्यभर मेंढ्या राखलेले, आता एकटे राहणारे. रोज साडेअकराला येत. सूप, अर्धा ब्रेड, उरलेला अर्धा कागदात बांधून घरी. मालकीणबाईंचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण कामावर लागल्याच्या दिवशीच मला सांगितला गेला: रोजचं माणूस बारापर्यंत आलं नाही तर फोन करायचा. फोन उचलला नाही तर त्यांना सांगायचं. बर्फ पडलेल्या एका सकाळी आजोबा आले नाहीत, फोन उचलेनात. मालकीणबाईंनी दुकान माझ्यावर सोपवलं, फ्लास्कमध्ये सूप भरलं आणि गाडी काढली. आजोबांच्या घरातले पाण्याचे पाइप गोठले होते आणि ते फोनपासून दूर, बाहेरच्या शेडमध्ये नळाशी झगडत होते. तासाभरात प्लंबर पोहोचला, तोही आमचंच गिऱ्हाईक. आमच्या सिन्नरकडच्या गावात पारावर रोज बसणारा म्हातारा दिसला नाही की कुणीतरी त्याच्या घरी चौकशीला जातं, तसंच हे. फक्त तिथल्या थंडीत पार उघड्यावर असू शकत नाही, त्याला भिंती, छप्पर आणि शेगडी लागते, आणि ती पेटती ठेवायला कुणीतरी पगारी माणूस लागतं. त्या हिवाळ्यात ते माणूस मी होते याचा मला अभिमान आहे.

वीज जाण्याचे प्रकार झाले. वादळी वारं सुटलं की झाडं तारांवर पडतात. १०५ हा विजेच्या तक्रारीचा नंबर तिथे सगळ्यांना पाठ. पण या कॅफेत चूल गॅसची आणि शेगडी लाकडाची, त्यामुळे वीज गेली की उलट जास्त लोक येतात. मशीन बंद, कॉफी बंद, पण चहा आणि सूप चालू. कार्ड घेता येत नाही, म्हणून एक वही: नाव, काय खाल्लं, नंतर आणून द्या. माझ्या माहितीत वहीतला एकही पैसा बुडला नाही. फ्रीजचं दार उघडायचं नाही आणि वीज आल्यावर तापमान बघून नोंदवायचं, शंका आली तर माल टाकून द्यायचा, हे सगळं शिस्तीत.

वर्षअखेरीचाही एक प्रसंग सांगते. ३१ डिसेंबरची रात्र, हॉगमने, स्कॉटलंडमध्ये ख्रिसमसइतकाच मोठा सण. दोन जानेवारीलाही तिथे सरकारी सुट्टी असते. त्या वर्षी खराब हवामानामुळे एडिनबराचा रस्त्यावरचा मोठा सोहळा आदल्या दिवशी रद्द झाला. गावातली कॉलेजची मुलंमुली तिकडे निघायच्या तयारीत होती, ती अडकली. मालकीणबाईंनी संध्याकाळी पुन्हा दुकान उघडलं. मेनू काहीच नाही, मोठ्या पातेल्यात स्टोव्हीज, म्हणजे बटाटा-कांदा मंद शिजवलेला, अर्धा मांस घालून, अर्धा माझ्यासारख्यांसाठी बिनमांसाचा. ज्याला जे द्यायचं ते डब्यात टाका. पैशाचा हिशेब बघितला तर ती संध्याकाळ तोट्याचीच गेली असावी.

आता मालक म्हणून हे ठिकाण कसं आहे, कारण काम शोधणाऱ्यांना तेच हवं असतं.

पगार कायद्याने ठरलेला किमान, २१ वर्षं आणि त्यावरच्यांना त्या वेळी तासाला ११.४४ पौंड. हिवाळ्यात आठवड्याला २४ तासांची हमी होती, म्हणजे २७४ पौंडांच्या थोडं वर. राहायची जागा मालक देत असेल तर किमान वेतनातून दिवसाला ९.९९ पौंडांहून जास्त वळते करता येत नाहीत, तेव्हाचा नियम असा होता. तेवढेच कापले. त्यात वीज, गरम पाणी आणि कामाच्या दिवशी दोन वेळचं जेवण. कर वगैरे जाऊन हातात आठवड्याला दोनशेच्या आत. हे पैसे साठवायचे नाहीत. गावात खर्च करायला काही नाही म्हणून थोडे उरतात, एवढंच. कर्ज काढून गेलेल्या कुणीही हिवाळ्यातल्या गावाकडच्या कॅफेवर भरवसा ठेवू नये.

टिपा मात्र पूर्ण मिळाल्या. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये कायदा आहे की टीपमधलं काहीही मालकाने ठेवायचं नाही. मी रुजू झाले तेव्हा हा कायदा अगदी नवा होता. मालकीणबाईंनी लेखी धोरण भिंतीवर लावलं आणि आठवड्याची बेरीज वहीत दाखवली. सहा तासांहून मोठ्या पाळीत वीस मिनिटांची सुट्टी, भरपगारी रजा, पगाराची चिठ्ठी, सगळं वेळच्या वेळी. याआधी इंग्लंडमधल्या एका मोठ्या शहरातल्या उपाहारगृहात मी काही आठवडे काम केलं होतं, तिथे चिठ्ठी मागितली की उद्या बघू असं उत्तर मिळायचं. त्या पार्श्वभूमीवर ही वही मला फार मोलाची वाटते.

शिकवणं हा या जागेचा सगळ्यात मोठा गुण. गर्दी नसल्यामुळे प्रत्येक गोष्ट कारणासकट सांगितली जाते. दुपारी दोनला, सूप संपत आलेलं असताना, मालकीणबाई मला हिशेब शिकवायच्या: लोण्याचा भाव वाढला की स्कोनमागे किती पेन्स जातात, जानेवारीत दुकान उघडं ठेवायचा रोजचा खर्च किती, तो ऑगस्टच्या कमाईतून कसा बाजूला काढतात. पुण्यात इतकी वर्षं काम करून मला कॅफेचा ताळेबंद कुणी दाखवला नव्हता. नाशिकला स्वतःचं काही सुरू करायचं माझ्या मनात आहे, त्याची खरी तयारी या दुपारांत झाली.

उणिवाही आहेत आणि त्या गंभीर आहेत. वरची खोली थंड. शेगडीची ऊब खालच्या उंच छतातच अडकते, वर विजेचा एक लहान हीटर. खिडकीच्या फटीतून वारा यायचा, मी नोव्हेंबरात सांगितलं, जानेवारीत दुरुस्ती झाली. इतक्या काळजीवाहू बाईंनी स्वतःच्या माणसाच्या खोलीकडे एवढा उशीर करायला नको होता, हे मी त्यांना तोंडावर बोलले. कपडे वाळत नाहीत, दमट राहतात. गावातून बस कमी, रविवारी तर जवळजवळ नाहीच, आणि गाडी चालवता येत नसेल तर दोन सुट्ट्यांच्या दिवशी तुम्ही गावातच. मोबाइलची रेंज टेकडीच्या एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही.

आणि एकटेपण. डिसेंबर सणांत निघून जातो, खरा कस जानेवारीच्या उत्तरार्धात लागतो. संध्याकाळी पाचच्या सुमारास काळोख, मराठीत बोलायला मैलोन् मैल कुणी नाही, भारतात घरचे जेवून झोपायच्या तयारीत. ऑक्टोबर ते मार्च तिथे सरकारच लोकांना रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घ्यायचा विचार करा असं सांगतं. त्या गोळ्या घ्या, आणि उजेड असेल तेव्हा बाहेर पडा, हवा कशीही असो. मी सुट्टीच्या दिवशी ऍबरनेथीच्या जंगलात जायचे. जुने स्कॉट्स पाइन वृक्ष, लाल खारी, आणि डोक्यावर तुरा असलेला इवलासा टिट पक्षी, जो ब्रिटनमध्ये फक्त स्कॉटलंडच्या उत्तर भागातच दिसतो. त्या फेऱ्यांनी मला सांभाळलं. ज्यांना निराशेचा त्रास आधीपासून आहे त्यांनी एकट्याने असा हिवाळा पत्करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिसाबद्दल थोडक्यात, कारण हे प्रश्न नेहमी येतात. मी गेले ती भारतीय तरुणांसाठीची यंग प्रोफेशनल्स योजना, २०२३ मध्ये सुरू झालेली. वय १८ ते ३०, किमान पदवी, खात्यात २५३० पौंड, वर्षाला ३००० जागा आणि त्यासाठी सोडत. सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत, निवड झाल्यावर व्हिसाचे २९८ पौंड (माझ्या वेळचे) आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १५५२ पौंड भरावा लागतो. शिवाय क्षयरोगाची तपासणी. दोन वर्षं मिळतात, मुदत वाढत नाही, पुन्हा मिळत नाही. हा अधिभार धरून हिशेब केला तर हिवाळ्यातल्या कॅफेच्या पगारात तो फिटायला बरेच आठवडे लागतात. म्हणून दोन वर्षांतला एक हिवाळा अशा ठिकाणी आणि बाकी काळ शहरात किंवा हंगामी कामात, असं नियोजन करा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. राहायला जागा आणि जेवण देतो, बदल्यात कॅफेत मदत करा, अशा जाहिराती बघून काही जण पर्यटक व्हिसावर जायचा विचार करतात. ब्रिटनमध्ये पर्यटकाला असं काम करता येत नाही, पगार नसला तरीही. पकडले गेलात तर पुढचे व्हिसा अडकतात, आणि मालकाने वाईट वागवलं तर तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

असं कॅफे शोधायचं तर ऑगस्टमध्ये थेट मालकाला लिहा, उन्हाळी मुलं सप्टेंबरअखेर परत जातात आणि हिवाळ्याचं माणूस तेव्हाच ठरतं. बोलताना आठवड्याचे किती तास लेखी हमीने मिळतील, खोलीत गरम करायची सोय काय, कपडे कुठे वाळवायचे आणि दुकानबाजाराला कोण नेणार, हे विचारा. चांगल्या मालकाला या प्रश्नांचा राग येत नाही. फिरायला जाणाऱ्यांनी गुरुवार किंवा शुक्रवार धरावा, बारानंतर जावं आणि शेगडीजवळची जागा ओल्या कपड्यांनी आलेल्यांसाठी सोडावी. ११ फेब्रुवारीला स्पेवर सामन माशांच्या गळाचा हंगाम उघडतो, त्या आठवड्यापासून गर्दी आणि कामाचे तास दोन्ही वाढू लागतात. तिथवरच थांबायचं की पुढे ईस्टरपर्यंत, हे रुजू होतानाच सांगून टाका, म्हणजे मालकाला पुढचं माणूस शोधायला वेळ मिळतो.